कडता

कळमन्याच्या बाजारात मी काटा धरतो.
मिरचीची पोती. चाळीस किलो, बेचाळीस.
किलोच्या खालचं आम्ही बोलत नाही.
बारदान्याचा, मातीचा, देठांचा कडता कापायचा
आणि आकडा असा ओरडायचा
की शेवटच्या गाळ्यात ऐकू गेला पाहिजे.

इथं मेश्राम सिस्टर आकडा पुटपुटते.
जन्मली तेव्हा अकराशे चाळीस,
तिसाव्या आठवड्यात, कोणाला न विचारता.
पाचव्या दिवशी एक हजार पस्तीस.
मी म्हटलं, सिस्टर, काटा चुकून राहिला.
काटा बरोबर आहे दादा, ती म्हणाली,
आधी उतरते, मग चढते. थांबा.

बाहेर सेहेचाळीस. डांबर चपलेला चिकटतं,
रिक्षावाले तोंडाला दुपट्टे बांधून झाडाखाली निजलेले,
आणि आत, काचेच्या पेटीत,
माझ्या पोरीला ऊब कमी पडू नये म्हणून
एक लाल आकडा रात्रभर जागा.

करिश्मा खालच्या वॉर्डात.
टाके ओले, तरी दर दोन तासांनी उठून बसते,
भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध काढते.
पहिल्या दिवशी निघालं ते तर दूधही नव्हतं,
सिरिंजच्या टोकाशी हळदीसारखं पिवळं काही.
इतकंच, म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
मी दोन जिने ते असं नेलं
की माणसं बाजूला झाली.
सिस्टरनं बोळा भिजवला,
पोरीच्या गालाच्या आतून फिरवला.
ओठ हलले. बस्, तेवढंच.

मग दोन मिली. दोन तासांनी दोन मिली.
तोंडातून पोटात गेलेली नळी, शेवईएवढी,
वर धरलेली सिरिंज.
ढकलायचं नाही,
दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं.
मी उभा राहून पाहतो. वीस वर्षं काट्यावर गेली,
इतकं हळू काही उतरताना पाहिलं नव्हतं.

सासूबाई पदराला घुटीची पुडी बांधून आल्या.
मध, वेखंड, जायफळ.
सिस्टर रागावली नाही. म्हणाली, आजी,
हिचे दिवस अजून भरायचेच आहेत,
ही नुसती बाहेर राहून राहिली.
सासूबाईंनी गाठ पुन्हा घट्ट केली
आणि बाकावर बसून राहिल्या संध्याकाळपर्यंत.

पुढे दूध वाढलं. डॉक्टर म्हणाले,
आता त्यात एक पावडर मिसळू, हाडांसाठी.
करिश्मा रडली. माझं पातळ आहे का हो?
पातळ नाही, मी म्हटलं, मला जसं समजलं तसं,
पोटातले दहा आठवडे बुडाले ना तिचे,
ती उधारी आहे. एकटीनं नाही फिटत.
बरोबर सांगितलं की नाही, माहीत नाही.
तिनं नाक पुसलं आणि वाटी पुन्हा जवळ ओढली.

कडता इथंही आहे.
टोपीचे सहा ग्रॅम, लंगोटाचे अकरा,
नळीचे दोन.
सिस्टर कापते आणि वहीत लिहिते,
आणि मी, आयुष्यभर दुसऱ्यांचं कापत आलेला,
त्या एकोणीस ग्रॅमांकडे भुकेल्यासारखा पाहतो.

आता ती मला छातीशी धरायला देतात.
त्याआधी हात धुतो. साबण, पुन्हा साबण.
मिरची नखांत राहते, वर्षानुवर्षं राहते.
बोट जिभेला लावून पाहतो.
तिखट लागत नाही.
मग जिभेला लावलं म्हणून परत धुतो.
सिस्टर हसते. शर्टाची बटणं काढा, दादा.
छातीवर ठेवल्यावर समजतच नाही
की काही ठेवलंय.
मग तिचा पाय हलतो.

काल अकराशे अठ्ठ्याण्णव. आज बाराशे वीस.
बावीस ग्रॅम.
सुकी मिरची घेतली तर मूठही भरत नाही.

दुपारी कामावर गेलो, खाडे फार झाले होते.
पहिलं पोतं काट्यावर आलं,
आणि मी ओरडलो, एकेचाळीस किलो दोनशे दहा.
गाळ्यात सगळे थांबले.
दलाल म्हणाला, काऊन बे, ऊन लागलं का तुले?
पोत्याचा मालक, कुहीकडचा कोणी म्हातारा,
माझ्याकडे पाहत राहिला.
मी पुन्हा ओरडलो, दोनशे दहा.

घाई होती. सहाचं दूध वर न्यायचं होतं.